वजन जागच्या जागी, पोट मात्र पुढे: नक्की मोजायचं काय?

पेठेतला_पाहुणा
१२ जानेवारी, रात्री ११:०८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायला बसलो कारण घरात आता या विषयावर कोणी माझं ऐकून घेत नाही.

वय ४४, उंची १७० सेंमी, वजन ६६ किलो. मूळ पुण्यातल्या शनिवार पेठेतला, आता कर्वेनगर, नोकरी हिंजवडीत, म्हणजे दिवसाचे अडीच तास नुसते गाडीत बसून जातात. लग्नापासून वजन दोन किलो इकडे नाहीतर तिकडे. प्रत्येक लग्नकार्यात कोणीतरी काकू म्हणणार, "तू कसा रे मेंटेन केलंयस," आणि मी पण तेवढ्यावर दहा वर्षं खूश होतो.

गेल्या जूनमध्ये बायकोनं वाढदिवसाला ते मनगटावरचं घड्याळ दिलं आणि तेव्हापासून रोज १०,००० पावलं. एक दिवस चुकवला नाही. पाऊस असला की पार्किंगमध्ये फेऱ्या. एकदा पावणेबाराला ६०० पावलं कमी होती म्हणून हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल चालत होतो तर आई दचकून उठली, म्हणाली कुठून फोन आला का रे, कोण गेलं?

आणि एवढं सगळं करून डिसेंबरच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९ आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०. गंमत म्हणजे त्याच कागदावर वर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.८, पुढे हिरव्या रंगात नॉर्मल, आणि खाली लाल रंगात प्रीडायबेटिक, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एकाच माणसाचा रिपोर्ट आहे का हे मी दोनदा नाव बघून खात्री केली.

मग आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली. मी ३२ ची पँट घालतो, म्हणून माझ्या डोक्यात माझी कंबर ३२ इंच. टेप म्हणाली साडेछत्तीस. कारण पँट पोटाच्या खाली बांधतो ना, पोट वरून मोकळंच! इतकी वर्षं मी कंबर म्हणून भलतंच काहीतरी मोजत होतो.

घाबरून दुसऱ्याच दिवशी जवळची जिम लावली (नाव नको). अनवाणी एका मशीनवर उभं केलं, प्रिंट आली, चरबी २९ टक्के आणि शरीराचं वय ५१. पाच मिनिटांत हातात वर्षभराच्या पॅकेजचा कागद. चार दिवसांनी परत त्याच मशीनवर उभा राहिलो तर २६. चार दिवसांत तीन टक्के चरबी गेली, आणि तीही मी पलंगावर पडून असताना. पलंगावर का, तर पहिल्याच दिवशी ट्रेनर म्हणाला सर आज बॉडी ओपन करू आणि शंभर बैठका काढून घेतल्या. मांड्या अशा भरून आल्या की तिसऱ्या दिवशी सोसायटीची लिफ्ट बंद, तर तीन मजले कठडा धरून उलटा उतरलो. खालच्या काकांनी विचारलं, काही विसरलात का वर?

तर प्रश्न असा की पावलं, वजन, बीएमआय, चरबी टक्के, नाडी, कॅलरी, झोपेचा स्कोअर, इतकं सगळं मोजून जर खरी गोष्ट रक्ताच्या तपासणीतच कळणार असेल तर घरच्या घरी मोजायचं काय आणि व्यायाम सुरू करायचा तर कुठून. जिमचे पैसे गेले समजतो.

---

कट्टेकरी
१२ जानेवारी, रात्री ११:३१

पावणेबाराला हॉल ते बाल्कनी म्हणजे तुम्हीच का ते! आम्ही खालच्या मजल्यावर आहोत. कृपया चप्पल काढून चालणे.

---

निळी_छत्री
१३ जानेवारी, सकाळी ७:१५

पाहुणे, तुमची केस जगभर माहीत आहे आणि ती तुमच्याच गावातून माहीत झालीये. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, या दोघांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक पानभर लेख लिहिला, सोबत दोघांचा फोटो. दोघांचाही बीएमआय २२.३. मग दोघांच्या शरीरातली चरबी डेक्सा स्कॅननं (एक प्रकारच्या एक्स-रेनं) मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२! त्यात त्यांनी स्वतःचीच चेष्टा केलीये की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि माझा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत आत शिरणं. दोघांची आडनावं इंग्रजीत वाय या अक्षरानं सुरू होतात म्हणून त्याला वाय-वाय पॅराडॉक्स (विरोधाभास) म्हणतात.

ही नुसती गंमत नाहीये. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास त्यांच्या टीमनं केलाय. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांचं जे वजन कमी होतं ते जास्त करून स्नायू आणि पोटातल्या अवयवांचं, चरबी त्या मानानं टिकून असते. म्हणजे बारीक दिसणारं पण आतून चरबीवालं, हे आपल्याकडे जन्मापासून. म्हणून तर आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची रेघ २५ ऐवजी २३ ला ओढलीये. आणि पोटाच्या घेरात पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८०. तुम्ही किती, साडेछत्तीस इंच म्हणजे ९३. झालं की निदान, शिवणाच्या डब्यातून.

टेप नीट लावा पण. शेवटची बरगडी चाचपा, कमरेचं हाड चाचपा, दोन्हीच्या मधोमध टेप, नेहमीचा श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही, टेपला कळत नाही पण आपल्याला कळतं.

---

गावठी_कोंबडा
१३ जानेवारी, सकाळी ९:०२

एवढं काय मोजता राव. आमचं गेली अकरा वर्षं दर रविवारी सिंहगड, अतकरवाडीतून चढायचं, पाऊण तासाच्या आत वर. टेप नाही घड्याळ नाही. रविवारी गड चढून बघा, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात.

---

मीठभाकर
१३ जानेवारी, सकाळी ९:२०

@गावठी_कोंबडा आणि वर पोचल्यावर? पिठलं भाकरी, दोन प्लेट कांदाभजी, मडक्यातलं दही साखर घालून. ते धरलंय का हिशोबात?

---

गावठी_कोंबडा
१३ जानेवारी, सकाळी ९:२६

ताई तो धर्म आहे, त्याचा हिशोब नसतो.

---

हाडवैद्यीण
१३ जानेवारी, दुपारी २:४४

फिजिओथेरपिस्ट आहे, रोज असे उलटे उतरणारे बघते.

पहिलं त्या शंभर बैठकांबद्दल. नव्या माणसाला पहिल्या दिवशी शंभर बैठका देणं हा व्यायाम नाही, ती रॅगिंग आहे. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं साधारण असतं, नवा ताण पडला की येतंच, पण त्याचा अर्थ व्यायाम चांगला झाला असा नाही. आणि हे सगळ्यांनी वाचा, अशा प्रकारानंतर लघवी जर काळ्या चहाच्या रंगाची झाली, मांड्या सुजल्या, तर घरी हळद लावत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. स्नायू इतके तुटतात की त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीला त्रास होतो.

आता मुद्दा. तुम्ही चालताय हे उत्तम, बंद करू नका. पण तुमच्याकडे स्नायूच कमी आहेत आणि जेवल्यावर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त जाते ती स्नायूंमध्ये. गोदाम लहान असेल तर माल रस्त्यावरच राहणार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हे सगळ्यांना पाठ असतं, त्याच्याच खालची ओळ कोणी वाचत नाही, आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम.

दोन दिवस. घरी. खुर्चीवर बसता बसता थांबून परत उठणं, ही झाली बैठक. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात ठेवून जोर, जमिनीवर नाही जमले तरी चालतील. काहीतरी जड जमिनीवरून पाठ सरळ ठेवून उचलणं, अर्धी भरलेली पाण्याची बरणी घ्या. काहीतरी स्वतःकडे ओढणं, त्याला रबरी पट्टा मिळतो. झालं. प्रत्येकी आठ-दहा वेळा, दोन-तीन फेऱ्या, आणि थांबताना अजून दोन-तीन सहज झाले असते असं वाटलं पाहिजे. बारा आरामात व्हायला लागले की मग थोडं जड. सगळी कला या शेवटच्या वाक्यात आहे, बाकी सगळं इन्स्टाग्रामसाठी.

आणि मोजायचंच असेल तर खुर्ची मोजा. साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीवर घडी, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पूर्ण बसता. हात टेकवला तर शून्य. ही ज्येष्ठांची चाचणी आहे, ६० ते ६४ ला पुरुषांचे १४ आणि बायकांचे १२ च्या खाली आले तर पाय कमजोर धरतात, ७० ते ७४ ला तेच १२ आणि १०. तुम्ही ४४ चे आहात, तुम्हाला सोपी जायला हवी. पण मला अंदाज आहे, करा आणि सांगा.

---

शून्य_अंश
१३ जानेवारी, रात्री ८:१०

मापनयंत्रांच्या धंद्यात २० वर्षं काढली म्हणून थोडं यंत्रांच्या बाजूनं बोलतो.

१०,००० हा आकडा कुठल्याही डॉक्टरनं काढलेला नाही. टोकियो ऑलिंपिक झालं १९६४ ला, त्याच्या हवेवर १९६५ ला जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, नाव मान्पोकेई, म्हणजे अक्षरशः दहा हजार पावलं मोजणारं. नाव आधी, शास्त्र नंतर. २०१९ ला अमेरिकेत सरासरी बहात्तरीच्या १६ हजारांवर बायकांचा अभ्यास आला, त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्या २,७०० वाल्यांपेक्षा जास्त जगल्या आणि साधारण ७,५०० च्या पुढे फायदा सपाट झाला. तुमच्या वयाला तो आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, पण रात्री पावणेबाराला आईला घाबरवायची गरज नव्हती एवढं नक्की.

घड्याळाची नाडी बरीच बरोबर असते, कॅलरी मात्र गंमत म्हणून बघा. स्टॅनफर्डनं २०१७ ला सात घड्याळं तपासली, सातातल्या सहांची नाडी पाच टक्क्यांच्या आत होती आणि कॅलरीत सगळ्यात चांगलं जे होतं तेसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. म्हणजे घड्याळ ४०० म्हणालं म्हणून वडापाव खाल्ला की फसलात.

जिमचं ते मशीन चरबी बघत नाही हो. पायातून बारीक करंट सोडतं, पाण्यातून तो सहज जातो, चरबीत अडतो, त्या अडथळ्यावरून गणित करून टक्के सांगतं. तुम्ही पाणी किती प्यायलात, व्यायाम करून आलात का, पाय ओले का कोरडे, सगळ्यानं आकडा हलतो. तुमचे २९ आणि २६ हे एकाच माणसाचे दोन मूड आहेत. वापरायचंच तर तेच मशीन, तीच वेळ, उठल्या उठल्या, आणि महिन्या-दोन महिन्यांचा कल बघायचा. वजनाचंही तेच, रविवारी मिसळ हाणली की सोमवारी काटा ८०० ग्रॅम वर, ती चरबी नाही, मिठानं धरलेलं पाणी आहे.

---

आजोबा_७१
१४ जानेवारी, पहाटे ५:५०

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या.

माझाही एक अनुभव लिहितो, उपयोग झाला तर बघावे. मी निवृत्तीपासून रोज पहाटे पर्वती चढतो. १०३ पायऱ्या आहेत. चार वर्षांपूर्वी बीपीसाठी डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर प्रकारातील गोळी सुरू केली. गेल्या दिवाळीला नातवाने घड्याळ दिले. मी पर्वती चढून घामाघूम होऊन देवदेवेश्वरासमोर उभा राहिलो की घड्याळ म्हणते, हलका व्यायाम, अजून प्रयत्न करा. रोजचा अपमान. माझी नाडी १०५ च्या वर जातच नाही.

शेवटी घड्याळ काढून ठेवले आणि जुनी पद्धत धरली. चढताना एकोणतीसचा पाढा म्हणतो. पाढा नीट म्हणता आला तर वेग वाढवायचा, मध्येच श्वासासाठी थांबावे लागले तर वेग बरोबर, आणि पाढा चुकला तर बसायचे. वर गेल्यावर मनगटावर बोटे ठेवून १५ सेकंद नाडी मोजतो, चारने गुणतो, एक मिनिटाने परत मोजतो. एका वहीत लिहून ठेवतो. नऊ वह्या झाल्या आहेत. घरचे म्हणतात रद्दीत द्या.

---

हाडवैद्यीण
१४ जानेवारी, सकाळी १०:३०

आजोबा, वह्या अजिबात रद्दीत देऊ नका. आणि तुमचं घड्याळ चुकतंय, तुम्ही नाही. ती गोळी नाडीला वर जाऊच देत नाही, हृदयाचा वेग धरून ठेवणं हेच तिचं काम आहे. घड्याळ मात्र २२० वजा वय करतं, ७१ ला १४९, आणि त्याच्या टक्क्यांत तुम्हाला नापास करतं. तो नियम मुळात ढोबळ आहे, २००१ ला आलेलं दुसरं सूत्र २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायला सांगतं, त्यानं तुमचे १५८ येतात. चाळिशीला दोन्ही सूत्रं सारखीच, पुढे फरक पडत जातो. पण गोळी चालू असताना दोन्ही बाजूला ठेवायची आणि तुमचा पाढाच खरा. आम्ही त्याला टॉक टेस्ट म्हणतो, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही म्हणजे मध्यम व्यायाम. तुमची आवृत्ती जास्त कडक आहे, मला बसल्या जागी एकोणतीसचा येत नाही.

एका मिनिटात नाडी किती उतरते हे बघणं पण छान. १२ पेक्षा कमी उतरली तर लक्ष द्यावं असं म्हणतात, पण तो आकडा ट्रेडमिलवरच्या तपासणीतला, तुम्ही तुमच्या कालच्या वहीशी ताडून बघा. आणि चढताना छातीत दाबल्यासारखं, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर पाढा सोडून डॉक्टर.

---

मीठभाकर
१४ जानेवारी, दुपारी १२:१८

सगळं वाचलं, छान चाललंय, फक्त दोन गोष्टी राहिल्यात आणि त्या राहतातच कारण चेकअपला पाठवतात पुरुषांना आणि बायका सोबत पर्स धरून बसतात.

एक. माझं पण एचबीएवनसी ५.९ आलं होतं, मी भात बंद, साखर बंद, नवरात्रात सुद्धा नुसतं ताक. मग एका शहाण्या डॉक्टर बाईंनी हिमोग्लोबिन बघितलं तर ९.४. बायकांचं १२ च्या वर पाहिजे. लोह कमी असलं की हा एचबीएवनसी उगीचच वर दिसू शकतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी लोह भरून काढलं, नंतर परत तपासला, आणि उपाशीपोटीची साखर पण बघितली, ती ९२ होती. त्यामुळे एक आकडा धरून रडत बसू नका.

दोन, बीपी. दवाखान्यात जिने चढून धापा टाकत गेले, बाई म्हणाल्या हात द्या, कुर्त्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, हात लोंबता, पाय खाली टेकत नव्हते, आणि वर विचारतायत पोरगी कितवीला. १५२. घरी मोजलं तर १२४. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ, मांडी घालायची नाही, उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आधी अर्धा तास चहा नाही, आणि बाथरूमला जाऊन यायचं. हे शेवटचं गंमत नाहीये, खरंच फरक पडतो. सकाळ संध्याकाळ दोन-दोनदा, आठवडाभर, मग ती यादी डॉक्टरला दाखवायची. घरी सरासरी १३५/८५ च्या वर जात असेल तर मात्र मशीनला नावं ठेवू नयेत. दंडावरचं मशीन घ्या, मनगटावरचं नको.

आणि हो, स्नायू स्नायू करताय तर ते कशाचे करणार? साबुदाण्याचे? आपल्या घरी वरण म्हणजे पिवळं पाणी. वाटीभर डाळीत जेमतेम सहा-सात ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यात सहा, मूठभर दाण्यांत सात. माणसाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम हे आपल्या देशाचं प्रमाण आहे, ६६ किलोला ५५ ग्रॅम, व्यायाम सुरू केला की थोडं जास्तच. मोड आलेली मटकी, दही, पनीर, सोयाबीनच्या वड्या, काहीही करा पण लिहून बघा एक दिवस. मी लिहिलं तर ३१ निघाले. (किडनीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरला विचारून.)

---

तालीमबाज
१४ जानेवारी, रात्री ९:४०

आपले सूर्यनमस्कार सोडून सगळं सांगितलं लोकांनी. औंधच्या राजेसाहेबांनी, म्हणजे भवानराव पंतप्रतिनिधींनी घरोघर पोचवले, फुकट आहेत, रबरी पट्टा लागत नाही. रोज १०८ घाला, कसली साखर न कसलं काय.

---

हाडवैद्यीण
१४ जानेवारी, रात्री १०:०५

घाला की. फक्त पहिल्या दिवशी १०८ नको, सहा घाला. आणि सूर्यनमस्कारात ढकलणं आहे, वाकणं आहे, ओढणं नाही. वरची पाठ रिकामीच राहते. तुमच्या तालमीत मल्लखांब आणि दोर होते ते उगीच नव्हते.

---

तालीमबाज
१४ जानेवारी, रात्री १०:१२

बरोबर. दोराचं विसरलोच.

---

पेठेतला_पाहुणा
१५ जानेवारी, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. खुर्ची केली. डायनिंगची खुर्ची भिंतीला लावली, मुलीनं मोबाइलवर वेळ लावला. १५. बाराव्याला मांड्या थरथरायला लागल्या, शेवटचे तीन अक्षरशः तोंड वाकडं करून. मुलगी म्हणाली बाबा तुम्ही नापास आहात का? मी म्हटलं तुझ्या आजोबांच्या गटात पास आहे. ओट्यावरचे जोर ८, जमिनीवर ३, त्यातला तिसरा पंचांनी दिला नसता. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच नाडी ७८. कंबर ९३.

हे चार आकडे फ्रिजवर चिकटवलेत, पावलं नाहीत, वजन महिन्यातून एकदा. बारा आठवड्यांनी येऊन सांगतो. आई पण उत्साहानं खुर्चीवर बसली होती, ७० वय आहे, आठ झाले. नवव्याला तिनं गुपचूप हात टेकवला आणि म्हणाली हा नको धरू.

---

कट्टेकरी
१५ जानेवारी, रात्री १०:०३

बारा आठवड्यांनी येतो म्हणणारे या संस्थळावर आजवर कोणीही आलेलं नाही. रुमाल टाकून ठेवतो.

---

पेठेतला_पाहुणा
१२ एप्रिल, रात्री १०:२०

धागा वर काढतोय. कट्टेकरी, रुमाल उचला.

आधी कबुली. बारा आठवडे म्हटलं पण व्यायाम झाले साडेनऊ आठवडे. फेब्रुवारीत दोन लग्नं, एक हुरडा पार्टी, मग मुलीच्या परीक्षा (तिची परीक्षा, सुट्टी मी घेतली). जिमला परत गेलो नाही. घरातच मंगळवार आणि शनिवार, आणि रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं खाली फेरी, ती मात्र जवळजवळ रोज, कट्टेकरींच्या डोक्यावर नाही. नाश्त्याला पोह्यांबरोबर दोन अंडी किंवा मटकी. बास एवढंच, साखर चहातली अर्धी केली.

वजन ६६.४. म्हणजे वाढलं! जानेवारीत हा आकडा बघून मी सगळं सोडून दिलं असतं. कंबर ९३ ची ८९. खुर्ची २२. जमिनीवरचे जोर ११. सकाळची नाडी ७१. एचबीएवनसी ५.७, ट्रायग्लिसराइड १६४. डॉक्टर म्हणाले अजून काठावरच आहात, सहा महिन्यांनी परत या. हिमोग्लोबिन पण करून घेतलं, मीठभाकर ताईंच्या धाकानं, ते बरं आहे. मग बायकोचं पण केलं. ते १०.२ निघालं, तिची गोळी सुरू आहे. या सगळ्या प्रकारात खरं तर हेच राहून गेलं असतं.

पँट आता कमरेवर बांधतो, ३४ ची. मुलगी म्हणते बाबा तुम्ही जुन्या फोटोतल्या आजोबांसारखे दिसता.

---

मीठभाकर
१२ एप्रिल, रात्री १०:४१

बायकोचं वाचून बरं वाटलं. गोळी चहाबरोबर देऊ नका, लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर द्या.

---

गावठी_कोंबडा
१२ एप्रिल, रात्री ११:०६

मी पण टेप लावली. कुणाला सांगू नका. ९८.

---

हाडवैद्यीण
१३ एप्रिल, सकाळी ८:१५

भजीची एक प्लेट कमी करा, दोन्ही नको. एक.
पाहुणे, आईचं काय झालं ते लिहिलंच नाहीत.

---

पेठेतला_पाहुणा
१३ एप्रिल, सकाळी ८:५०

अरे हो. ती रोज मालिकेच्या जाहिरातीत करते, दिवाणावरून उठते बसते. काल मोजले, अकरा. हात टेकवला नाही, मी नीट बघत होतो. आता म्हणते पर्वती चढायची.

---

आजोबा_७१
१४ एप्रिल, पहाटे ५:४५

अवश्य आणा. रविवार टाळा, गर्दी असते. पहिल्या दिवशी अर्ध्यापर्यंतच, तिथे कठड्यावर टेकायला जागा आहे. मी सहाला पोचतो. पाढे येत असतील तर सोबत होईल.